एका केसाचे निदान : डॉ. रेमाँ साबुरो यांचे जीवनकार्य

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला असतो. वर्गात फिरताना बाईंचे लक्ष एका मुलाच्या डोक्याकडे जाते. मागच्या बाजूला रुपयाएवढी जागा उजाड झालेली दिसते. तिथले केस तुटलेले, कातडीवर राखेसारखा कोंडा. बाई विचारतात तेव्हा मुलगा मान खाली घालतो. घरी आईने लिंबू चोळून पाहिलेले असते, शेजारणीने तेल दिलेले असते, औषधाच्या दुकानातून मलमाची नळीही आणलेली असते. चट्टा मात्र वाढतच असतो. मग शेजारचा मुलगा बाकावर थोडा सरकून बसू लागतो, आणि आठ दिवसांनी हा मुलगा शाळेत येईनासा होतो.

हा आजार जीवघेणा नाही. पण मुलाच्या आयुष्यातून शाळा हिरावून घेण्याची ताकद त्याच्यात आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिस शहरात अशी मुले थोडीथोडकी नव्हती. डोक्यावरच्या नायट्यापायी त्यांची दीड-दीड, दोन-दोन वर्षे शाळेबाहेर जात असत. त्या मुलांच्या डोक्यावरचा एक तुटका केस उचलून, त्यातून रोगाचे नेमके नाव शोधून काढण्याचे शास्त्र ज्यांनी उभे केले, त्या डॉ. रेमाँ साबुरो यांची ही जीवनकथा आहे. आपल्याकडील पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत बुरशीची तपासणी होते, तिथे त्यांचे नाव आजही रोज उच्चारले जाते. बुरशी वाढवण्याच्या द्रव्यालाच त्यांचे नाव मिळालेले आहे. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

जन्म आणि शिक्षण

रेमाँ साबुरो यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८६४ रोजी फ्रान्सच्या पश्चिमेकडील नांत या शहरात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते पॅरिसला आले. तो काळ वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मोठ्या उलथापालथीचा होता. लुई पाश्चर यांनी सूक्ष्म जीवांचे जग जगापुढे उघडे केले होते आणि त्यांच्या नावाची संस्था पॅरिसमध्ये नुकतीच उभी राहिली होती. तिकडे जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी घट्ट द्रव्यावर जंतू वाढवण्याची पद्धत रूढ केली होती. पूर्वी डॉक्टर रोग्याकडे बघून रोग ओळखत. आता रोगाचे कारणच काचेखाली धरून पाहता येऊ लागले होते.

तरुण साबुरो यांनी पाश्चर संस्थेत एमिल रू यांच्या हाताखाली जंतुशास्त्राचे धडे घेतले. त्याच सुमारास ते पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात त्वचारोगांचा अभ्यास करू लागले. १६०७ साली चौथा हेन्री या राजाने प्लेगच्या रुग्णांसाठी स्थापन केलेले हे रुग्णालय पुढे त्वचारोगांसाठी साऱ्या युरोपात प्रसिद्ध झाले. तिथे मेणाच्या हुबेहूब प्रतिकृतींचे एक मोठे संग्रहालय होते. नाना तऱ्हेचे चट्टे, पुरळ आणि व्रण मेणात घडवून ठेवलेले असत आणि विद्यार्थी ते पाहून रोग ओळखायला शिकत. म्हणजे निदान करायचे ते डोळ्यांनी, बाह्य रूपावरून.

याच रुग्णालयात एर्नेस्ट बेनिए हे साबुरो यांचे गुरू होते. जिवंत माणसाच्या शरीराचा लहानसा तुकडा काढून तपासण्याच्या पद्धतीला आज सर्वजण बायोप्सी म्हणतात. तो शब्द बेनिए यांनीच १८७९ मध्ये वापरात आणला. बाहेरून दिसते त्यावर न थांबता आत काय आहे ते पाहावे, ही दृष्टी साबुरो यांना अशा गुरूकडून मिळाली. मुलांच्या डोक्यावरील नायट्याचा प्रश्नही त्यांच्या हाती आला तो याच रुग्णालयात. पुढची जवळजवळ सर्व हयात त्यांनी त्या प्रश्नासाठी दिली.

शाळेचा कायदा आणि शाळेबाहेरची मुले

या प्रश्नाचे मोल समजण्यासाठी फ्रान्समधील तेव्हाची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागेल. १८८१ साली तिथे प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि १८८२ साली सहा ते तेरा वर्षांच्या मुलांना ते सक्तीचे झाले. मजुरांची, धोबिणींची, हातगाडीवाल्यांची मुले प्रथमच मोठ्या संख्येने एका छताखाली, एका बाकावर बसू लागली. पण एकमेकांना लागून बसलेल्या डोक्यांबरोबर नायटाही एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाऊ लागला. एकाची टोपी दुसऱ्याने घातली, एक फणी चार जणांनी वापरली की तेवढे पुरे होई.

मग नियम असा झाला, की ज्याच्या डोक्यावर नायटा दिसेल त्याला शाळेत घ्यायचे नाही. एकीकडे कायदा म्हणतो शाळेत या, दुसरीकडे शाळा म्हणते बाहेर थांबा! श्रीमंतांच्या घरी शिकवायला मास्तर येत. गरिबाचे मूल मात्र रस्त्यावर राही. त्यात लोकांची समजूत अशी, की हा रोग घाणेरड्या घरातला. त्यामुळे आजाराबरोबर आईच्या माथी दोषही येई.

उपचार तर रोगापेक्षा क्रूर होते. जुन्या काळी मुलाच्या डोक्यावर डांबरासारख्या चिकट पदार्थाची टोपी बसवून, ती सुकल्यावर केसांसकट ओढून काढत. साबुरो यांच्या काळापर्यंत ती पद्धत मागे पडली होती. पण तिच्या जागी चिमटा आला होता. रोगी भागातील एकेक केस चिमट्याने उपटायचा, आयोडीन लावायचे आणि केस पुन्हा उगवले की पुन्हा उपटायचे, असे महिनोन् महिने चाले. सेंट लुई रुग्णालयाच्या आवारात डॉ. लाय्ये यांच्या पुढाकाराने अशा मुलांसाठी खास शाळाच काढलेली होती. उपचार आणि अभ्यास एकाच जागी व्हावा, वर्षे वाया जाऊ नयेत, हा तिचा उद्देश. ती शाळा म्हणजे मोठीच सोय होती. पण रोगाचे मूळ कळल्याशिवाय तिथून मूल लवकर बाहेर पडणे शक्य नव्हते.

एक रोग की अनेक?

डोक्यावरील नायटा बुरशीमुळे होतो एवढे तेव्हा माहीत होते. परंतु बहुतेक डॉक्टरांचे मत असे, की बुरशी एकच आहे. कोणाच्या डोक्यावर ती सौम्य रूप घेते, कोणाच्या डोक्यावर उग्र, इतकेच. हा फरक मुलाच्या प्रकृतीमुळे पडतो अशी समजूत होती. बुरशी निरनिराळ्या द्रव्यांवर वाढवली की तिचे रंगरूप बदलते, हेही या मताला पुष्टी देणारे होते.

साबुरो यांना हे पटेना. त्यांनी रुग्णालयातील मुलांच्या डोक्यावरचे केस एकामागून एक तपासायला सुरुवात केली. पद्धत साधी होती. रोगी जागेवरचा तुटका केस चिमट्याने काढायचा. काचपट्टीवर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाच्या थेंबात ठेवून किंचित गरम करायचा. या द्रावणाने केस मऊ आणि पारदर्शक होतो, आतली बुरशी मात्र शाबूत राहते. मग तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा.

हजारो केस पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले, की यांत गोंधळ नाही, व्यवस्था आहे. काही मुलांच्या केसाभोवती अगदी बारीक बीजाणूंचे, जणू वाळूच्या कणांचे, दाट वेष्टन असते. असा केस कातडीपासून काही मिलिमीटर वर तुटतो आणि करडा दिसतो. दुसऱ्या काही मुलांत मोठे बीजाणू माळेसारखे केसाच्या आत भरलेले असतात. असा केस पोकळ होऊन अगदी कातडीलगत तुटतो आणि तिथे फक्त काळा ठिपका उरतो. तिसऱ्या प्रकारात बीजाणू मोठे, पण केसाच्या बाहेरून असतात, आणि तिथे डोक्यावर सूज व पू दिसतो. चौथा प्रकार सर्वांत वाईट. त्यात पिवळ्या वाट्यांसारख्या खपल्या धरतात, केसाचे मूळच जळते आणि टक्कल कायमचे राहते.

१८९२ पासून साबुरो यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध करायला आरंभ केला, आणि १८९४ साली याच विषयावर प्रबंध सादर केला. बाहेरून सारखे दिसणारे चट्टे हे एकच दुखणे नसून, निरनिराळ्या बुरश्यांमुळे होणारे निरनिराळे रोग आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. ते वय तिशीच्या आसपासचे आणि विरोध करणारे नामांकित होते. पण साबुरो यांनी वाद शब्दांनी घातला नाही. शंका घेणाऱ्याला काचपट्टी दाखवावी, हाच त्यांचा मार्ग राहिला.

बुरशीला एकच जमीन

तरी एक अडचण उरली होती. एकच बुरशी निरनिराळ्या द्रव्यांवर निरनिराळी दिसते, मग ओळख पटायची कशी? शेतकऱ्याला ही अडचण लगेच समजेल. एकच बियाणे काळ्या रानात एक रूप घेते आणि मुरमाड रानात दुसरे. दोन बियाण्यांची तुलना करायची तर ती एकाच जमिनीत पेरली पाहिजेत.

साबुरो यांनी नेमके हेच केले. पाण्यात शेकडा सुमारे ४ भाग माल्टोज साखर, १ भाग पेप्टोन आणि ते थिजावे म्हणून अगर, असे एक द्रव्य त्यांनी ठरवून टाकले. अगर म्हणजे समुद्रशैवालापासून मिळणारा पदार्थ, ज्याला आपल्या घरी चायना ग्रास म्हणतात आणि ज्याची मिठाई करतात तोच. हे द्रव्य किंचित आम्ल असते. इतर पुष्कळ जंतूंना त्यावर नीट वाढता येत नाही, बुरशीला मात्र ते मानवते. साखर आणि पेप्टोन नेहमी एकाच कारखान्याचे घ्यावे असाही त्यांचा कटाक्ष असे. माल बदलला की बुरशीचे रूप बदलते हे त्यांनी अनुभवले होते.

या ठरीव जमिनीवर केसाचा तुकडा पेरला की एक ते तीन आठवड्यांत बुरशीचा थर दिसू लागतो. एक पांढरी, कापसासारखी वाढते, एक जांभळी आणि सुरकुतलेली, एक पिठासारखी. जगातल्या कोणत्याही डॉक्टरने हेच द्रव्य वापरले तर त्याला तेच रूप दिसावे, म्हणजे पॅरिसच्या माणसाने जे पाहिले ते दुसऱ्या देशातल्या माणसाला ताडून पाहता यावे, ही यातली खरी किमया. पुढे यात पुष्कळ सुधारणा झाल्या. माल्टोजऐवजी ग्लुकोज आले, इतर जंतूंना रोखणारी औषधे घातली जाऊ लागली. पण नाव साबुरो यांचेच राहिले. आपल्याकडे त्याचा उच्चार कोणी सॅबरॉड असाही करतात.

निदानाचा उपयोग केवळ नाव देण्यापुरता नव्हता. बुरशी कोणती हे कळले की ती कोठून आली हेही कळू लागले. बारीक बीजाणूंची एक जात फक्त मुलांकडून मुलांना लागते. तिचा पत्ता शाळेत किंवा भावंडांत शोधायचा. दुसरी मांजरीच्या किंवा कुत्र्याच्या पिलाकडून येते. तिथे शाळा बंद करून काही होणार नाही, घरातले पिलू तपासले पाहिजे. सूज-पू आणणाऱ्या जाती बहुधा घोड्यापासून किंवा गुराढोरांपासून येतात. म्हणजे आईच्या गलिच्छपणाला बोल लावण्याचे कारणच उरले नाही. रोगाला त्याचा खरा उगम मिळाला, आणि पुष्कळ आयांच्या माथ्यावरचा खोटा कलंक पुसला गेला.

विसरलेल्याचे ऋण

या संशोधनात साबुरो यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. जुनी वैद्यकीय टिपणे चाळताना त्यांना दिसले, की पन्नास वर्षांपूर्वी, १८४१ ते १८४४ च्या दरम्यान, डेव्हिड ग्रुबी नावाच्या डॉक्टराने यातले बरेच काही आधीच पाहून ठेवले होते. ग्रुबी हे हंगेरीतील एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मलेले. ते पॅरिसला येऊन स्थायिक झाले आणि पुढे संगीतकार शोपाँ व कवी हाइने यांच्यासारख्यांचे डॉक्टर म्हणून गाजले. केसाभोवतीच्या बारीक बीजाणूंचे वेष्टन त्यांनी १८४३ मध्ये अचूक वर्णिले होते आणि त्या बुरशीला नावही दिले होते. पण त्या काळी सूक्ष्मदर्शकावर डॉक्टरांचा विश्वास बसलेला नव्हता. ग्रुबी यांचे काम बाजूला पडले आणि विसरले गेले.

हा शोध आपलाच म्हणून मिरवणे साबुरो यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. ग्रुबी यांचे श्रेय त्यांनी उघडपणे त्यांना दिले आणि ग्रुबी यांनी दिलेले नावच कायम ठेवले. आज ग्रुबी यांना मानवी बुरशीरोगांच्या शास्त्राचे एक जनक मानतात, त्यात साबुरो यांच्या या प्रामाणिकपणाचा मोठा वाटा आहे. दुसऱ्याचे उत्तर आपले म्हणून न लिहिण्याचा हा धडा परीक्षेपुरता नाही, जन्मभराचा आहे.

क्ष-किरणांचा उपचार : लाभ आणि हानी

निदान पक्के झाले, पण उपचार अजून चिमट्याचाच होता. अडचण अशी, की बुरशी केसाच्या आत, मुळापर्यंत गेलेली असते आणि वरून लावलेले औषध तिथे पोहोचत नाही. केस मुळासकट गळाला तरच बुरशी निघते.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे डॉ. लेओपोल्ड फ्रॉइंड यांनी या किरणांनी केस गळतात हे दाखवले. पण किरण कमी पडले तर केस गळत नाहीत आणि जास्त पडले तर कातडी जळते, कायमचे टक्कल पडते. मात्रा मोजायची कशी? साबुरो आणि त्यांचे सहकारी आंरी नुआरे यांनी १९०४ मध्ये यावर युक्ती काढली. बेरियमच्या एका क्षाराची लहान चकती किरणांच्या वाटेत, नळी आणि डोके यांच्या मधोमध ठेवायची. किरण पडत गेले की चकतीचा हिरवा रंग बदलत तपकिरी होतो. सोबतच्या नमुन्याच्या रंगाशी तो जुळला की यंत्र थांबवायचे. असा उपचार केल्यावर दोन-तीन आठवड्यांत रोगी भागाचे केस विनासायास गळून पडत आणि पुढील काही आठवड्यांत निरोगी केस उगवत.

परिणाम थक्क करणारा होता. जिथे दीड-दोन वर्षे लागत तिथे सुमारे तीन महिन्यांत मूल बरे होऊ लागले. सेंट लुईच्या त्या शाळेतून मुले भराभर आपापल्या शाळेत परतू लागली. ही पद्धत देशोदेशी पसरली आणि जवळजवळ पन्नास वर्षे तीच चालू राहिली.

येथे थांबून एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. क्ष-किरणांची हानी वीस-तीस वर्षांनी प्रकट होते, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. १९५० च्या आसपास इस्राएलमध्ये आलेल्या निर्वासितांच्या मुलांवर मोठ्या प्रमाणात हा उपचार करण्यात आला. पुढे तिथल्या दहा हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली, आणि १९७४ पासून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून मेंदूच्या व थायरॉइड ग्रंथीच्या गाठींचे प्रमाण त्यांच्यात वाढलेले आढळले. साबुरो यांचा हेतू निर्मळ होता. त्यांनी मात्रा मोजण्याची जेवढी काळजी घेता येईल तेवढी घेतली. तरीही हानी झाली. सुदैवाने १९५८ च्या सुमारास ग्रिसिओफल्व्हिन हे पोटात घेण्याचे औषध या रोगावर लागू पडते असे सिद्ध झाले आणि क्ष-किरणांची गरज संपली.

साबुरो यांचा उपचार काळाने बाजूला सारला. त्यांची निदानाची पद्धत मात्र अजून उभी आहे. शास्त्रात टिकते ते जे पुन्हा पुन्हा तपासून खरे ठरते तेच, मग शोधणाऱ्याचे नाव कितीही मोठे असो.

माणूस म्हणून

साबुरो पुढे पॅरिस शहराने चालवलेल्या नायटाविषयक प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि परदेशांतूनही डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येऊ लागले. १९१० साली त्यांचा डोक्यावरील नायट्यांविषयीचा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वीस वर्षांची पाहणी त्यात एकवटली होती. त्यात त्यांनी या बुरश्यांचे गट पाडून त्यांची शिस्तशीर मांडणी केली. पुढच्या संशोधकांनी तिच्यात फेरफार केले, परंतु सुरुवात तिथूनच करावी लागली.

सर्वच बाबतीत ते बरोबर होते असे नाही. टक्कल पडण्याचे कारण तेलकट कातडीत वाढणारा एक जंतू आहे असे त्यांनी मानले होते. ते खरे ठरले नाही. जंतूंच्या शोधांचा तो सुवर्णकाळ होता आणि प्रत्येक दुखण्यामागे जंतू पाहण्याचा मोह मोठमोठ्यांना आवरला नाही. पण तोच जंतू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि तारुण्यपीटिकांच्या अभ्यासात पुढे त्याचा उपयोग झाला.

साबुरो यांना कलेचे विलक्षण वेड होते. संगीत आणि चित्रे त्यांना प्रिय होती, आणि ते स्वतः उत्तम शिल्पकार होते. दिवसभर केसाच्या आतले बारकावे टिपणारे हात मोकळ्या वेळात मातीत मुखवटे घडवत. बारकाईने पाहण्याची सवय दोन्हीकडे एकच होती. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

आजचे निदान आणि आपण

साबुरो यांच्या नंतर निदानाची साधने वाढली. १९२५ साली फ्रान्समध्येच असे दिसून आले, की विशिष्ट काचेतून गाळलेल्या अतिनील किरणांत काही जातींच्या बुरशीने ग्रासलेले केस हिरवे चमकतात. अंधाऱ्या खोलीत दिवा धरला की वर्गातील मुले मिनिटांत तपासता येऊ लागली. कातडीचा सूक्ष्म तुकडा काढून तो रंगवला की बुरशी गडद गुलाबी दिसते. आता तर बुरशीची आनुवंशिक द्रव्ये तपासून एक-दोन दिवसांत जात ठरवता येते. तरीही साध्या प्रयोगशाळेत पहिली तपासणी म्हणजे केस, पोटॅशचा थेंब, सूक्ष्मदर्शक आणि साबुरो यांचे द्रव्य, हीच असते. आपल्या देशात मुलांच्या डोक्यावर आढळणारी एक नेहमीची बुरशी दिव्याखाली चमकत नाही. म्हणून इथे केस तपासणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

पालकांनी यातून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डोक्यावर केस तुटलेला, कोंडा धरलेला चट्टा दिसला तर घरगुती प्रयोगांत महिने घालवू नका. सगळेच चट्टे नायट्याचे नसतात. चाई पडते तेव्हाही गोल टक्कल दिसते, पण तिथली कातडी गुळगुळीत असते आणि तो रोग संसर्गाचा नाही. हा फरक डॉक्टरने ठरवायचा. डोक्यावरचा नायटा केवळ मलमाने जात नाही, पोटातून औषध घ्यावे लागते आणि डॉक्टर सांगतील तितके आठवडे पुरे करावे लागते. मध्येच सोडले तर तो उलटतो.

दुकानातून आणलेल्या काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने खाज आणि लाली लगेच कमी होते, आणि आपल्याला वाटते गुण आला. आत मात्र बुरशी पसरते आणि चट्ट्याचे रूप असे बदलते, की डॉक्टरलाही ओळखणे अवघड जाते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात अंगावरचा नायटा हट्टी झाला आहे, त्याला अशा मलमांचा मनमानी वापर हे एक कारण मानले जाते. नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये जे नाव दिले, त्यात आपल्या देशाचे नाव गुंफलेले आहे. ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे.

टोपी, फणी, रुमाल आणि उशी ज्याची त्याची वेगळी असावी. शाळेची टोपी असो की मदरशाची, ती अदलाबदल करण्याची वस्तू नाही. घरात एकाला नायटा निघाला तर सर्व भावंडांची डोकी पाहून घ्यावीत, आणि घरातल्या मांजरीच्या पिलाचे केस झडत असतील तर तिकडेही लक्ष द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाला घरी बसवू नका. योग्य उपचार सुरू झाल्यावर त्याला शाळेपासून दूर ठेवण्याची गरज नाही, असाच आजचा वैद्यकीय सल्ला आहे. शिक्षकांनीही अशा मुलाला सर्वांसमोर उभे करू नये. पालकांना बाजूला घेऊन हळूच सांगावे. चट्टा भरून येतो, केस पुन्हा उगवतात. पण वर्गातून काढलेल्या मुलाच्या मनात जे राहते ते लवकर भरून येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण पुढे डॉक्टर होतील, काहीजण प्रयोगशाळेत काम करतील. तिथे एखाद्या दिवशी बुरशीची बशी हाती येईल आणि तिच्यावर साबुरो यांचे नाव लिहिलेले असेल. तेव्हा पॅरिसच्या त्या मुलांची आठवण ठेवा. त्यांच्या डोक्यावरचा एक तुटका केस एका तरुण डॉक्टराने टाकून दिला नाही. तो काचेखाली धरून नीट पाहिला, म्हणून त्या मुलांना आपला वर्ग परत मिळाला.